बापूंनी पाहिलेला शेवटचा भाग

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही सुरतच्या मराठी शाळेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं. मोठे शब्द मला येत नाहीत. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहितोय.

मी लूमवर कारीगर आहे. आम्ही तुटलेला धागा खाली टाकत नाही, खिशात टाकतो. एकेक धागा म्हणजे काहीच नाही. पण पाळी संपेपर्यंत खिसा फुगतो, आणि रिकामा करायला जावं तर एक ओढला की दहा बाहेर येतात. आमच्या वीशीतल्या किश्शांचंही तसंच झालंय. वीशी म्हणजे खानावळ, इथे सुरतेत तसंच म्हणतात. बमरोली रोडला पहिल्या मजल्यावर इंदूमावशीची वीशी आहे. तिथे रविवार सोडून रोज रात्री आठ वाजता पोलिसांची एक सिरियल लागायची. तिचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं 'चौकी' म्हणायचो.

ती यंदा संपली. तेव्हापासून हे धागे बाहेर येतायत.

* * *

लूमच्या आवाजाने आमच्या लोकांचे कान लवकर जातात. त्यामुळे वीशीतला टीव्ही नेहमी फुल आवाजात! खाली कांतीभाईंचं किराणा दुकान. ते दर दोन-चार दिवसांनी जिन्यात उभे राहून ओरडायचे, "ए मावशी, धीमे कर! मारा घराक भागी जाय छे!" म्हणजे गिऱ्हाइकं पळून जातात.

मावशी वरून म्हणायची, "काय? ऐकू येत नाही!"

एकदा टीव्ही बिघडला. दोन दिवस वीशीत नुसता ताटांचा आवाज. तिसऱ्या दिवशी कांतीभाई स्वतः वर आले. आम्हाला वाटलं, शांतता झाली म्हणून आभार मानायला आले असतील.

दारातच उभे राहून हळूच विचारतात, "पेली छोकरीनुं शुं थयुं?" म्हणजे, त्या पोरीचं काय झालं?

* * *

ती छोकरी म्हणजे पिंकी. चौकीचा सगळा जीव तिच्यातच होता.

पहिल्या सीझनमध्ये पाच वर्षांची पिंकी जत्रेत हरवते. इन्स्पेक्टरसाहेबाला तिची एक चप्पल सापडते. ती तो आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. नंतर खून झाले, दरोडे झाले, साहेबाला गोळी लागली, बदली झाली. पण प्रत्येक सीझनमध्ये एकदा तरी तो ड्रॉवर उघडायचा, चप्पल बघायचा आणि परत बंद करायचा.

मावशी जाहिरात लागली की भाकरी टाकायची आणि सिरियल सुरू व्हायच्या आत उतरवायची. इतकं बसलेलं गणित! पण ड्रॉवर उघडला की तिचा हात थांबायचा. उशिरा जेवायला येणाऱ्याला आम्ही काही सांगत नसू. तो ताटातली करपलेली भाकरी बघायचा आणि स्वतःच म्हणायचा, "आज चप्पल निघाली वाटतं."

* * *

आमच्यात एक सुकलाल आहे, धरणगावकडचा. चौकीतल्या लाचखाऊ जमादाराचा आणि त्याचा चेहरा अगदी सारखा. तीच मिशी, तेच गाल. जमादाराने पहिल्यांदा लाच घेतली त्या दिवशी मावशीने सुकलालच्या ताटात चमचाभरच भाजी वाढली.

"मावशी, एवढीच?"

"तुझं पोट तर वरच्या कमाईनं भरतं ना!"

"अहो, तो मी नाही!"

मावशी अहिराणीवर आली. "चेहरा ते तोच शे ना!"

बिचाऱ्याने शेवटी मिशी काढली. पुढच्या आठवड्यात जमादारानेही वेष बदलायला मिशी काढली!

* * *

आता बापूंचं सांगतो.

बापू आमच्याच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात. मूळ पारोळ्याकडचे. बाकीच्यांची पाळी आठवड्याला बदलते, बापू मात्र कायम रात्रपाळीत. तेच मागून घेतात. म्हणतात, "रातले झोप येत नाही. पडून राहण्यापेक्षा मशीन चालवलेली बरी." मी बापूंचा जोडीदार, म्हणून मी कायम दिवसाला. त्यांची मशीनं सकाळी सातला मी हातात घेतो, संध्याकाळी सातला परत देतो.

त्यामुळे बापूंनी चौकी कधी पाहिलीच नाही! पण ऐकायची हौस दांडगी. सकाळी खात्याच्या दाराशी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, कोणीतरी त्यांना आदल्या दिवसाचा भाग सांगायचा, असा रिवाज पडला.

आधी हे काम सुकलालकडे होतं. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "चोर सापडला. साहेबाने धुतला."

बापू वाट बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मधे?"

"मधे जाहिराती."

दुसऱ्या दिवसापासून हे काम माझ्याकडे आलं.

* * *

मी लाजाळू माणूस. सुरुवातीला चहाच्या ग्लासात बघून सांगायचो. पण बापूंना ऐकू कमी येतं, आणि मला मोठ्याने बोलवत नाही. मग मी हातांनी सांगायला लागलो. खात्यात आवाजामुळे आम्ही खुणांनीच बोलतो. चिमूट म्हणजे धागा तुटला, बोट गोल फिरवलं म्हणजे बॉबिन संपली, मिशीला हात म्हणजे मास्तर, आमचे मुकादम, आले. त्याच खुणांत मी चौकी बसवली. मिशीला हात म्हणजे साहेब, चिमूट म्हणजे माणूस मेला.

मी थांबलो की बापू पुढे वाकायचे. "मंग?"

हा एवढा एक शब्द, पण असा विचारायचे की माझी लाज कुठे जायची मलाच कळायचं नाही. माझं आयुष्यात इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

तेवढा वेळ माझी मशीनं शेजारच्या मशीनवरचा भरत बघायचा. त्याच्या बदल्यात दुपारी जेवताना त्यालाही तीच गोष्ट सांगायची, असा करार. एके दिवशी साहेब पळणाऱ्या गुंडाला ओरडतो, "थांब!" मी रंगात येऊन हात उंच करून मूठ वळली. आमच्यात त्याचा अर्थ, मशीन बंद कर. भरतने दारातून पाहिलं आणि ओळीने सगळी मशीनं बंद केली!

मास्तर धावत आले. "कोणी सांगितलं बंद करायला?"

भरत घाबरून म्हणाला, "साहेबांनी!"

"कोणते साहेब? शेठ आलेत?"

तेव्हा बापूच शांतपणे म्हणाले, "नाही हो. पिंकीले शोधणारे."

* * *

एका रविवारी, खात्याला सुट्टी असताना, वीशीत खरंच पोलीस आले. भाडेकरूंची चौकशी होती, बाकी काही नाही. पण वीशीत सगळे ताटावरून उठून उभे. सुकलाल तर मिशी नसतानाही तोंडावर हात धरून उभा!

एक हवालदार वही काढून नावं लिहायला लागला. बापूंचं नाव झालं. बापू जागचे हलेनात.

"साहेब, एक विचारू? तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये काय ठेवता?"

हवालदार हसला. "काका, टिफिन! और क्या?"

आम्हीही हसलो. बापू हसले नाहीत, मान हलवून खाली बसले.

ते गेल्यावर बापूंनी मला सांगितलं. त्यांचा योगेश सतरा वर्षांचा होता. लूमवर बसणार नाही म्हणाला. बापू रागाने बोलले, "खात्यात यायचं नसेल तर घरातही राहू नको." पोरगा चपला घालून जिना उतरला, तो उतरलाच. बापू उधना स्टेशनवर फिरले, गावाकडे फिरले, पोलिसांत जाऊन फोटो देऊन आले. या गोष्टीला खूप वर्षं झाली.

"फोटोच देता आला रे दीपक," बापू म्हणाले. "चप्पल कुठून देणार? ती तर तो घालून गेला."

मी त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं.

उठताना ते म्हणाले, "ती पिंकी सापडली ना, की मी मास्तरले सांगून दिवसपाळी मागून घेईन. रातले झोपेन."

ते हसत बोलले होते, पण तेव्हापासून मी भाग सांगताना फार जपून सांगायचो.

* * *

मग बातमी आली की हा चौकीचा शेवटचा सीझन!

मावशी म्हणाली, "आता माझ्या भाकरीकडे कोण बघेल? मलाच बघावं लागेल!" सुकलाल म्हणाला, "पोलिसाला रिटायर करतात, सिरियलला का नाही?" कांतीभाईंनी तर जाहीर केलं की शेवटच्या भागाला दुकान अर्धा तास बंद ठेवणार आणि वर येऊन बसणार.

पिंकी सापडणार की नाही, यावर वीशीत दोन पार्ट्या झाल्या. सुकलालचं म्हणणं, "एवढी वर्षं गेली, आता कुठली सापडते?" त्यावर मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मिशी नसलेल्या जागी हात फिरवला.

शेवटच्या भागाच्या आदल्या सकाळी लारीवर बापू म्हणाले, "उद्या पाळी बदलतो का? तू रातले जा, मी दिवसा येतो. हा एक भाग मी डोळ्यांनी बघतो."

मी घाबरलो. मीच पाहिला असता आणि पिंकी सापडली नसती, तर मला सकाळपर्यंत वेळ मिळाला असता. कसं सांगायचं, कुठे थांबायचं, हे ठरवता आलं असतं. टीव्ही तसं काही बघत नाही.

"मी सांगतो ना बापू," मी म्हणालो. "नेहमीसारखं. सगळं सांगतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू चांगलंच सांगशील. म्हणूनच."

मी पाळी बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी मशीनं हातात घेतली. बापू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो म्हणाले, जसं कोणाच्या लग्नाला निघालेत. आठ वाजले तशी माझी नजर कापडावर ठरेना. एक धागा तुटलेला मला दिसलाच नाही, हातभर कापडात रेघ गेली. सिरियल संपायच्या वेळेला खिशात मोबाइल थरथरला. सुकलालचा मेसेज होता. तो लिहितोही बोलतो तसाच.

"पोरगी नाही सापडली. साहेब रिटायर."

पुढची सगळी पाळी मी तीच दोन वाक्यं घेऊन या मशीनवरून त्या मशीनवर फिरत होतो. बापूंना वीशीतून घरी कोण घेऊन गेलं असेल, ते जेवले असतील का, सकाळी येतील का?

सकाळी सातच्या आधीच बापू लारीवर दिसले. तोच इस्त्रीचा शर्ट. समोर दोन ग्लास चहा. भरतने न सांगताच माझी मशीनं बघायला घेतली.

मी जाऊन बसलो. बापू म्हणाले, "तुझा साहेब उंच होता रे. हा तर बुटका निघाला!"

मला हसू आलं, आणि लगेच भीतीही वाटली.

"मास्तरले सांगून आलो," ते म्हणाले. "सोमवारपासून दिवसपाळी. तुले चालेल ना, एक आठवडा मी दिवसा, एक आठवडा तू?"

"म्हणजे... सापडली?"

"असं मधूनच नाही. बस. सांगतो."

आणि बापू सांगायला लागले. हातांनी. मिशीला हात लावला, साहेब आले. साहेबाचा ऑफिसातला शेवटचा दिवस. साहेबाने ड्रॉवर उघडला, चप्पल काढली, रुमालाने पुसली. तेवढ्यात दारात एक मोठी बाई उभी. साहेबाने चप्पल खाली ठेवली. बाईने पाय पुढे केला. बापूंनी दोन तळहातांनी अंतर दाखवलं. चप्पल एवढीशी, पाय एवढा.

"बसणार कशी?" बापू म्हणाले. "पाय वाढले ना."

सांगता सांगता त्यांचा आवाज चढला होता. लारीवाला हातातली गाळणी तशीच धरून ऐकत होता.

"मग ती साहेबाले म्हणते, मी काही रागावून गेले नव्हते. घरच्यांना सांगा. मी रागावून नव्हते गेले, मी फक्त वाट चुकले."

बापू थांबले. चहाचा ग्लास उचलला, पण प्यायले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

माझ्या खिशात मोबाइल होता, त्यात सुकलालचा मेसेज. मी दोन्ही हात ग्लासाभोवती धरले, पुढे वाकलो, आणि विचारलं,

"मंग?"