डाव्या चाकाला ताप

माझी बायको भागी आणि मी मिळून शेवटचं जे काम केलं, ते होडीच्या ट्रॉलीच्या चाकांत हवा भरायचं. मी पायपंप मारत होतो आणि ती बाजूला उभी राहून बोलत होती, "अवो, दम लागलाय तर सोडा ना. पंक्चरवाल्याकडं न्या. कुनाला दाखवताय?" मी सोडलं नाय. मग पिकअपच्या मागं ट्रॉली जोडून गावाबाहेरच्या वडापर्यंत एक फेरी मारली. परत आल्यावर भागी उतरली. दोन्ही टायरांना उलटा हात लावून बघितला, पोराचं कपाळ बघतात तसा. म्हणाली, "ताप नाय." आणि भाकऱ्या थापायला गेली.

त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. मुरबाडला नेईपर्यंत गेली.

आता पुढचं लिहितो. भूतखेत, चकवा, मुंजा मी मानत नाय. जन्म गाडीवर गेला माझा. माळशेज घाट कितीतरी वेळा अंधारात उतरलोय. पांढऱ्या साडीतली बाई काय कधी आडवी आली नाय... आली असती तर तिच्याकडून भाडं घेतलं असतं. चौथीपर्यंत शिकलोय, लिहायची सवय नाय. चुकलं तर समजून घ्या. पण खोटं एक अक्षर नाय.

होडीचं आधी सांगतो. आमच्याकडं मुरबाडच्या बाजूला एक रिसॉर्ट होतं, बंद पडलं. भागी तिथं स्वयंपाकाला जायची. सामान हलवताना मालक म्हणाला, काय हवं ते न्या. बाकीच्या बायांनी पातेली नेली, खुर्च्या नेल्या. हिनं होडी मागितली! फायबरची, चार-पाच माणसं बसतील अशी, खाली ट्रॉलीसकट. मी म्हटलं, "गो, भातात चालवणार का होडी?"

तिचं माहेर शेणव्याच्या पुढं, डोळखांबच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. पाड्यासमोर पाणी आणि पाण्यापलीकडं डांबरी रस्ता. पाण्यातून गेलं तर जवळ, डोंगराला वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस. लोक ट्यूब बांधून, फळ्या टाकून जातात. पावसाळ्यात एखादी बाई अडली तर झोळी करून डोंगरावरून न्यायची. भागीची आई तशीच झोळीत, वाटेत गेली. म्हणून होडी. भागीनं पाड्याला शब्द दिला होता, पावसाच्या आधी होडी पोचवते म्हणून.

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता कशाला दगदग? घेणारं गिऱ्हाईक आहे माझ्याकडं."

मी म्हटलं, "शब्द तिनं दिला. ती नाय, मी हाय."

पावसाच्या तोंडावर डोंगराच्या वळशाची, पाड्यात उतरणारी शेवटची उतरण चिखलात जाते, मग होडी काय, बैलसुद्धा उतरत नाय. म्हणून मे महिन्यातच निघालो. बरोबर भागीचा धाकटा भाऊ पांडू. तो आला मुद्दाम न्यायला. बोलका माणूस. बहिणीचं दुःख त्याला होतं, पण तोंड बंद ठेवणं जमत नाय त्याला.

सरळगाव सोडलं आणि मागं बार उडाल्यासारखा आवाज झाला. उजवा टायर. ट्रॉली खड्ड्यात गेली, जोरात आदळली, मी कशीबशी गाडी कडेला घेतली. उतरून बघतो तर टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या अंगाला हातभर चीर. ट्रॉली दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे एका जागी उभी होती ना. टायर पळून जितका मरत नाय तितका उभा राहून मरतो.

पांडू म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखाच हाय. वरून चांगला दिसतोय."

"तू नट सोड. जीभ नको चालवू."

नट गंजून बसले होते. पान्यावर मी उभा राहिलो तेव्हा हलले. डांबर उन्हानं मऊ झालेलं, जॅक आत रुतायला लागला. खाली सपाट दगड घातला. स्टेपनी एकच होती ती लावली. पांडू बोलला, "दाजी, परत फिरूया का? दुसरा गेला तर काय करायचं?"

"दुसरा गेला तर दुसऱ्याचं बघू."

किन्हवलीला पंक्चरवाल्याला दाखवलं. त्यानं डाव्या टायरवर हातोडी मारून बघितली, हवा बघितली, म्हणाला, "बाबा, हा चांगला हाय. दमानं न्या."

दमानंच नेत होतो. सायकलवाले पुढं जात होते. किन्हवली आणि शेणव्याच्या मध्ये पांडूला लघवीला जायचं होतं म्हणून थांबलो. रस्त्याच्या कडेला एक बाई करवंदं घेऊन बसलेली, पळसाच्या पानात वाटे लावून. पांडू झाडीत गेला. मी पुढं, गाडीच्या बॉनेटपाशी, पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा. मागं बघितलंसुद्धा नाय.

करवंदंवाली हाक मारते, "ओ बाबा! तुमची म्हातारी काय सांगत्ये बघा ना."

मी म्हटलं, "कोनाची म्हातारी?"

"तुमची! होडीपाशी हुती ती. म्हनाली, डाव्या चाकाला ताप आलाय, त्यांना सांगा."

मी बाटली बॉनेटवर ठेवली.

ड्रायव्हर लोक म्हणतात चाक गरम झालं, टायर तापला. चाकाला *ताप आलाय* असं भागीशिवाय कोणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाय. बैल असो, पोर असो, टायर असो, तिचा एकच उलटा हात आणि एकच शब्द. मी चिडवायचो, "गोळी देऊ का टायरला? का मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू?"

मागं गेलो. होडीपाशी कोणी नाय. रस्ता सरळ, दोन्हीकडं मोकळं रान. म्हटलं, "कुठं गेली?"

बाई उठून उभी राहिली, तिनंपण बघितलं. "आत्ता हुती बाबा. चाकाला असा उलटा हात लावून बघत हुती. एक टमटम गेली ना, त्यात बसली का काय..."

टमटम गेली होती, खरं आहे. मी बघितली होती. थांबलेली बघितली नाय.

पांडू आला तोवर मी टायरला हात लावला होता. बाहेरून गरम, पण उन्हात सगळेच गरम असतात. मी खाली आडवा झालो, ट्रॉलीखाली डोकं घातलं. आतल्या अंगाला टायर ट्रॉलीच्या लोखंडाला घासत होता. सकाळी खड्ड्यात आदळली तेव्हा पट्टी वाकली असणार. रबर जाऊन आतले धागे दिसत होते आणि त्यातून नारळाएवढा फुगा आलेला. बाहेरून काय म्हणजे काय कळत नव्हतं. पंक्चरवाल्याचा दोष नाय, हातोडी बाहेरूनच मारतात.

पांडूनंपण वाकून बघितलं. मग म्हणाला, "दाजी... उतरणीला फुटला असता ना हा."

पुढची उतरण मला माहीत होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पाणी. तिथं टायर फुटता तर होडी आणि ट्रॉलीनं पिकअपला ओढून नेलं असतं. आम्हा दोघांसकट.

बाई म्हणाली, "तुमची कोन ती? ताप म्हनाली तवा मला हसू आलं. चाकाला कदी ताप येतो का?"

पांडूनं माझ्याकडं बघितलं. त्याला तो शब्द माहीत होता. लहानपणापासून तोच उलटा हात त्याच्या कपाळावर होता. त्याचे डोळे भरले. "दाजी, ताई..."

"गप. जॅक काढ."

रडायला वेळ नव्हता. चाक काढलं. एका मोटरसायकलवाल्याला थांबवलं, चाक मांडीवर घेऊन मी मागं बसलो आणि शेणव्याला गेलो. तिथं जुना पण धड टायर मिळाला. परत येऊन वाकलेली पट्टी घणानं ठोकून सरळ केली. पांडू म्हणाला, "दाजी, आता माझ्या हातात द्या घण, दम लागलाय तुम्हाला."

म्हटलं, "लागूदे."

तोवर करवंदं संपवून बाई निघून गेली होती. विचारायचं राहिलं. कशी दिसत होती, काय नेसली होती, कपाळ मोकळं होतं का कुंकू होतं, काय नाय विचारलं.

ऊन कलताना उतरण लागली. पहिल्या गिअरमध्ये उतरलो. पांडू पुढं चालत, हात करत, "या... या... डावीकडं दाबा..." पाड्यातली माणसं दोरखंड घेऊन वर आली होती, त्यांनी मागून ट्रॉली धरून ठेवली. होडी पाण्याच्या कडेला पोचली.

जेवताना पांडूनं सगळ्यांना सांगितलं. त्याची बायको म्हणाली, "ताईच. दुसरं कोन?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान हलवली नाय.

आता तुम्ही वाचणारे हुशार लोक आहात, तुम्ही सांगाल. रबर घासलं की वास येतो, कोणा जाणत्या बाईला आला असेल. असेल. शेतावर जाणारी कोणी म्हातारी असेल, टमटममध्ये बसली असेल. तेपण असेल. पण तो शब्द? तो उलटा हात? आणि "त्यांना सांगा"? भागीनं माझं नाव कधी घेतलं नाय, दुसऱ्यांशी बोलताना कायम "त्यांना". पण तसं तर आमच्याकडच्या सगळ्याच बाया म्हणतात. मी खूप डोकं चालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात ढकलली. पांडूच्या बायकोनं कुंकू लावलं, नारळ मला फोडायला लावला. पहिल्या खेपेला एक पोटुशी पोरगी बसली, तिची सासू बसली, पांडूनं वल्हं घेतलं. होडी जराशी डुलली आणि सरळ गेली. पाणी आत आलं नाय. पलीकडच्या काठावरून पांडूनं दोन्ही हात वर केले.

मी रिकामी ट्रॉली जोडून निघालो. शेणव्याच्या नाक्यावर आलो आणि गाडी थांबवली. इथून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो तर ती करवंदंवाली बसलेली असणार. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. उंच होती. काळी होती. आमच्याच गावची अमकी ती, काल संध्याकाळी परत भेटली.

पाठीमागचा एक टेंपोवाला हॉर्न मारायला लागला. "ओ बाबा, जायचंय कुठं तुमाला?"

मी शहापूरकडं वळलो. हायवेनं, कल्याणवरून, दुप्पट लांबच्या रस्त्यानं घरी आलो.