हैदरभाईंचं विमान गप होतं तेव्हा

हैदरभाई एसटीचे ड्रायव्हर आणि मी त्यांचा कंडक्टर. वसमत, कळमनुरी, हिंगोली, सगळ्या रस्त्यांची धूळ आम्ही एकत्र खाल्ली. आता दोघंही रिटायर होऊन कुरुंद्यात बसलोय, आणि हैदरभाईंनी विमान घेतलंय.

हसू नका. विमान त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. लेक नाहिद कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर, त्यावर विमान उडवायचा खेळ, नांदेडहून आणलेला विमान वळवायचा एक दांडा आणि भंगारात निघालेल्या एसटीचं एक बाकडं. बाकड्याखाली स्पीकर ठेवलेला, म्हणजे इंजन सुरू झालं की बसल्या जागी थरथर लागते. म्हातारपणी लोक जपमाळ ओढतात नाहीतर सुनेला छळतात. हा माणूस रोज दुपारी हैदराबादहून मस्कतला जातो.

पण ही काही म्हाताऱ्याची हौस नव्हती. नाहिद मस्कतला असते. तिचे दिवस भरत आले होते, नवऱ्याची ड्युटी पाळीची, आणि घरात दुसरं कुणी बाईमाणूस नाही. तिच्या अम्मीनं, सबीहाभाभींनी जायचं ठरलं होतं. पासपोर्ट आला, तिकीट निघालं, आणि भाभी अडून बसल्या. नाहिद फोनवर म्हणायची, "राहू दे अम्मी, तकलीफ करू नको. मी निभावते." लेकरू असं म्हणालं की आईला आणखीच तोंड लपवावंसं वाटतं. भाभी फोन ठेवून आत निघून जायच्या.

त्यांना उंचीची भीती नव्हती. ड्रायव्हरची बायको ती. जन्मभर ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसून इंजन ऐकत प्रवास केलेला. मला म्हणाल्या, "इंजन बोलून राहिलं की मला काही वाटत न्हाई भाऊ. गप झालं की जीव जातो. गाडी बंद पडली तर रस्त्यावर हुभी ऱ्हाते. इमान कुठं हुभं राहील?"

यावर हैदरभाईंनी काढलेलं उत्तर म्हणजे हे विमान. रोज थोडं थोडं ऐकवलं की कानाला सवय होईल, असा त्यांचा हिशेब.

दुपारची नमाज झाली की पडदे ओढायचे. बाहेर कुणाच्या तरी शेतात हळद शिजत असायची, तिचा कडसर वास फटीतून आत यायचा. भाभी बाकड्यावर, मी शेजारी स्टुलावर. मी तोंडानं डबल बेल द्यायचो आणि हैदरभाई दांडा ओढायचे. बाकडं थरथरायला लागायचं, जमीन खाली सुटायची. हैदराबादहून सरळ समुद्राकडे जायचं सोडून हा गडी आधी कुरुंद्यावरून वळसा घ्यायचा. प्रवासी आपलेच, म्हणायचा. पडद्यावर खाली काय असायचं कोण जाणे, नुसते तपकिरी-हिरवे चौकोन. पण त्या घुमणाऱ्या आवाजात मला कयाधू नदी दिसायची, अंगणात वाळत घातलेली हळद दिसायची, माझ्याच घराच्या पत्र्यावरचं ऊन दिसायचं. मग ढग. मग निळं, नुसतं निळं. भाभींचे डोळे मिटायचे आणि बाकड्याचा गज धरलेली बोटं सैल व्हायची. तेवढा वेळ आम्ही तिघं कुठेच नसायचो, आणि फार बरं वाटायचं.

आणि बरोबर समुद्रावर घोटाळा व्हायचा.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची अजान व्हायची. हैदरभाई पहिल्या हाकेला विमान जागच्या जागी थांबवायचे. खेळात तशी सोय असते. भाभी डोक्यावर पदर घेऊन आत जायच्या, ते मशिदीत, मी चहावर. परत येऊन विमान सोडलं की ढग चालायचे, समुद्र चालायचा, आवाज मात्र नाही. बाकडं थंडगार. भाभी गज घट्ट धरायच्या, "बंद पडलं," म्हणायच्या आणि उठून जायच्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की दुसऱ्या दिवशी आवाज ठणठणीत, असरनंतर पुन्हा मुका.

मी छातीठोकपणे सांगितलं, वायर सैल आहे. वायर बदलली. मग स्पीकर खराब आहे म्हणालो आणि माझ्या घरचा आणून लावला. फरक शून्य. त्याच स्पीकरवर कव्वाली लावली तर खणखणीत, इंजन तेवढं गप. हैदरभाईंना वाटलं, थांबवून सोडण्यातच काही खोट आहे. सकाळी मुद्दाम थांबवून सोडलं, तर आवाज बरोबर आला. फोनवरच्या व्हिडिओत एक पोरगा सांगत होता, साउंडचा ड्रायव्हर काढून टाका आणि नवीन बसवा. हैदरभाई माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, अख्खी नोकरी एक धक्का न्हाई लागू दिला गाडीला. आता हे पोरगं म्हणतं ड्रायव्हर काढा."

तरी काढला, बसवला. विमान मुकंच. जायचा दिवस जवळ आला होता आणि भाभींनी बॅग काही माळ्यावरून काढू दिली नव्हती.

मग एका दुपारी आमचा ड्रायव्हर झोपला. विमान आपोआप चाललं होतं, समुद्र संथ होता, भाभींचे डोळे मिटलेले आणि हैदरभाईंची मान छातीवर. मीही पेंगतच होतो. अजान सुरू झाली आणि कुणी विमान थांबवलं नाही. इंजनाचा आवाज हळूहळू खाली बसला. ढग मात्र चालतच होते.

मी त्यांना गदागदा हलवलं. "हैदरभाई, तुमच्या विमानाला अजान ऐकू येते."

रोज त्याच क्षणी हैदरभाई स्वतःच विमान थांबवायचे, म्हणून ते गप होताना आम्हाला कधी दिसलंच नव्हतं.

नमाजेनंतर नाहिदला व्हिडिओ कॉल लावला. ती पोट धरून हसली. "मीच बसवलं होतं ते, अब्बा. अजानीच्या वक्ताला गाणी बंद कर म्हणून तुमी ओरडायचे न. माझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई." आपल्या मशिदीची वेळ बघून कॉम्प्युटर आपोआप गप होईल, असा प्रोग्राम तिनं कॉलेजात असताना टाकला होता. गाण्यांचा आवाज तो नंतर वाढवून द्यायचा. या नव्या खेळाची त्याला ओळख नव्हती, याचा आवाज कमी करून तो विसरून जायचा. पडद्यावरची आवाजाची कुठली पट्टी वर सरकवायची ते तिनं सांगितलं, हैदरभाईंनी सरकवली. बाकडं थरथरलं.

भाभी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. आत आल्या, बाकड्यावर हात ठेवला.

"म्हंजे अजानीसाठी थांबत होतं व्हय?"

"व्हय," हैदरभाई म्हणाले.

"आन् खऱ्या इमानात, तितक्या वर, अजान ऐकू येती का?"

"न्हाई येत."

"मंग इंजन काहून बंद पडंल?"

हैदरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते दोघांच्याही जिभेवर आलं होतं. मी खिडकीबाहेर बघू लागलो, ते दांडा पुसू लागले.

भाभींनी हैदरभाईंच्या हातातला चालू फोन घेतला. "नाहिद, मी येऊन राहिले," म्हणाल्या.

आम्हाला वाटलं पोरगी पुन्हा हसेल, नाहीतर तकलीफ करू नको म्हणेल. तिनं तोंडावर हात धरला आणि ती रडायलाच लागली. किती दिवसांची घाबरलेली होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. भाभी "उगी, उगी" म्हणत राहिल्या, आणि हैदरभाई बॅग काढायला माळ्यावर चढले.