फोन कशानं तापत होता

त्या वर्षी माझा फोन थंडीतच तापायला लागला. भिलाईत मे महिन्यात फोन तापला तर कोणी विचारत नाही, तेव्हा दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते. पण मी स्वेटर घालून जामुलच्या बसमध्ये बसलेली असायचे आणि पर्समधला फोन नुकत्याच उकडलेल्या बटाट्यासारखा गरम. जामुलच्या एका शाळेच्या ऑफिसात मी काम करते. सकाळी पूर्ण चार्ज करून नेलेला फोन मधल्या सुट्टीपर्यंत बंद पडायचा.

फोन मुलानं दिलेला होता. तो पुण्यात नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा नवा फोन घेऊन आला आणि अर्धा दिवस माझ्याजवळ बसून त्यानं सगळं लावून दिलं. त्याचे बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये मी एकटी. मुलगा असा शांतपणे बाजूला बसलेला पाहून मला फार बरं वाटलं होतं, हे आठवलं की आज तळपायाची आग मस्तकात जाते.

फोन तापतो म्हणून मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "आई, तू व्हिडिओ बहुत पायतेस. कमी कर."

मी कमी केले. फोन तापतच राहिला.

"मग कव्हर काढ. ब्राइटनेस कमी कर. चार्जिंगला लावून बोलत नको जाऊ."

तेही केलं. एकदा तर कंटाळून ओल्या नॅपकिनात गुंडाळून पंख्याखाली ठेवला. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "तुझ्या पिढीले फोन वापरता येतच नाही." मीही हसले. आपल्यालाच जमत नसेल, असं मला खरंच वाटलं. मार्चमध्ये कुर्त्याच्या खिशात फोन राहिला आणि कमरेवर रुपयाएवढा लाल डाग उठला, तेव्हाही दोष मी स्वतःलाच दिला.

एप्रिलमध्ये मी कार शिकायला लागले. नवऱ्याची गाडी दीड वर्ष झाडाखाली उभी होती आणि मला बसची वाट पाहायचा वीट आला होता. मुलाला हे आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून लायसन्स हातात आल्यावरच सांगायचं ठरवलं. फक्त शेजारच्या वहिनींना सांगितलं. आम्ही दोघी भंडाऱ्याकडच्या, दोघींचे नवरे स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये एकाच शिफ्टला असायचे. वीस वर्षांत आमच्या दोन घरांमधलं फाटक कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. "आई, सुपेल्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तू रोज कायले जातेस?"

मी गडबडले. "कोणं सांगितलं तुले?"

तो म्हणाला, "सांगितलं कोणीतरी."

हे दोन शब्द. सांगितलं कोणीतरी.

मी फोन ठेवला आणि तशीच वहिनींच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी आत पाऊलही टाकलं नाही. म्हटलं, "वहिनी, एक गोष्ट पोटात ठेवता नाही आली का तुमाले? माझ्या पोराले फोन करून चुगल्या करून राहिल्या?" त्या सूप हातात घेऊन उठल्या. म्हणाल्या, "मी नाही सांगितलं." मी म्हटलं, "मग भुतानं सांगितलं काय? तुमच्याशिवाय कोणाले माहीत होतं?" आणखीही बोलले. त्यांची सून स्वयंपाकघरातून ऐकत होती, हे दिसत असूनही बोलले. परत आले आणि मधलं फाटक लावून घेतलं.

मे महिन्यात फोन दिवसातून दोनदा आपोआप बंद व्हायला लागला आणि मागचं झाकण किंचित फुगलं. मी सुपेल्याच्या मार्केटमध्ये गेले. पहिल्या दुकानदारानं फोन हातातही न घेता सांगितलं, "आंटी, गर्मी है. सबका हो रहा है." मी म्हटलं, हा थंडीतही तापत होता. त्यानं नवी बॅटरी टाकून दिली. नवी बॅटरीही तापली.

चार दिवसांनी मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथं काउंटरमागे तिशीतली एक बाई भिंग लावून काम करत होती, दुकान तिचंच. तिनं फोन उघडायच्या आधी बॅटरी कशात खर्च होते ते पाहिलं. बोट थांबलं. "आंटी, ये वाला आपने डाला है?"

नाव काहीतरी सिस्टमसारखं होतं. मी म्हटलं, फोनचंच असेल.

"फोन का नहीं है. ये चौबीस घंटे आपकी लोकेशन भेजता है. इसीलिए गरम होता है, बेचारा सोता ही नहीं." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "घर में हसबैंड हैं?"

"नहीं हैं."

"तो ये फोन सेट किसने किया था?"

मी फोनकडे पाहिलं. तिनं स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा ग्लास दिला. अशा बायका तिच्याकडे आधीही येऊन गेल्या असाव्यात, तिला काही सांगावं लागलं नाही. "निकाल दूँ?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आज नहीं."

मला खात्री करून घ्यायची होती. मनात अजूनही मुलाची बाजू घेणारं काहीतरी होतं आणि त्याचाही मला राग येत होता. दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळेचं ऑफिस अर्धा दिवस. मी कुणालाही न सांगता दुर्गला गेले आणि तिथून ऑटोनं रसमड्याला. तिथं माझं कोणी नाही, नुसत्या फॅक्टऱ्या आहेत. एका फॅक्टरीच्या गेटसमोरच्या टपरीवर अर्धा तास बसले. लोखंड भरलेले ट्रक जात होते, चहात धूळ पडत होती, मांडीवर फोन तापत होता. टपरीवाल्यानं विचारलं, कोणाला भेटायचंय. मी म्हटलं, कोणालाच नाही.

संध्याकाळी सात वाजता मुलाचा फोन आला.

"आई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"आज कुठं गेली होती काय?"

"घरीच होते."

तो म्हणाला, "खरं सांग ना."

"तू सांग," मी म्हटलं. "मी कुठं होते ते तूच सांग मले."

तो हिंदीत सुरू झाला. अडचणीत आला की तो हिंदीत जातो. "देख आई, तेरी सेफ्टी के लिए किया. बाबा रस्त्यात पडले, दोन घंटे आपल्याले पता नाही चाललं ते कुठं आहेत. तेव्हापासून मले झोप नाही लागत."

हे खरं होतं. मार्केटमधून येताना त्याचे बाबा स्कूटरवरून पडले, अनोळखी लोकांनी दवाखान्यात नेलं आणि आम्हाला कळलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. मुलगा त्यांना शेवटचं भेटू शकला नाही. एरवी त्याच्या या वाक्यानं मी विरघळले असते.

"मग मले विचारलं कावून नाही?" मी म्हटलं. "समोर बसून लावून देत होता. तोंड नव्हतं तुले? मी हो म्हटलं असतं."

"तू नाही म्हटलं असतं तर?"

"तर नाही. माझं नाही हे नाही नसते काय?"

तो सॉरी म्हणाला. मला सॉरी नको होतं. मी म्हटलं, "फोन कावून तापते हे तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तू मलेच सांगून राहिला होता, व्हिडिओ कमी पाय. माझ्या पिढीले फोन वापरता येत नाही म्हणून हसून राहिला होता. आणि मी तुले विचारलं कोणं सांगितलं, तेव्हा तू म्हणाला कोणीतरी. त्या कोणीतरीपायी मी काय करून बसली, माहीत आहे तुले?"

त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मी काकूंशी बोलतो." मी म्हटलं, "तू नाही बोलायचं. ते माझं आहे." आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी दुकानातल्या बाईनं ते काढून टाकलं. पासवर्ड बदलायला शिकवलं, माझ्याच हातानं करायला लावलं. त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, पण घरी येईपर्यंत पर्समधला फोन माझ्या तळहाताहून गरम नव्हता.

तशीच वहिनींकडे गेले. मधलं फाटक आता त्यांच्या बाजूनंही लावलेलं होतं, म्हणून रस्त्यानं फिरून पुढच्या दारातून गेले. त्या दारात आल्या. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हटलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मी तं घरातही कोणाले सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्या यायलेही नाही. आणि तुम्ही मले सुनेसमोर चुगलखोर म्हटलं."

"हो वहिनी."

"पोराले एक प्रश्न जास्त विचारायचा होता. मले एक कमी." आणि त्या आत गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.

जूनमध्ये मुलगा आला, चार दिवस राहिला. रोज सकाळी तो माझ्यासोबत गाडीत बसून यायचा आणि एकदाही ब्रेक मार म्हणाला नाही. आता मी रोज संध्याकाळी त्याला स्वतः फोन करते, कुठं जाणार असेन तर आधी सांगते, कधी सांगत नाही. आमचं बरं आहे. रागावून किती दिवस राहणार, एकुलता एक आहे.

वहिनी ऑगस्टमध्ये बोलायला लागल्या. नळाला पाणी आलं काय, कचऱ्याची गाडी गेली काय, एवढंच. परवा त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला बसमध्ये दुसऱ्याच बाईकडून कळलं. वीस वर्षांत त्यांच्या घरातली गोष्ट मला अशी बाहेरून कधी कळली नव्हती. मी अभिनंदन करायला गेले. त्यांनी पेढा दिला, चहा विचारला, सगळं नीट केलं. मुलगी कुठं देताय विचारलं तर "आहे इकडंच" म्हणाल्या आणि पुढे काही सांगितलं नाही.