डिट्टोचा पाय

शाहिस्ताला त्या कचेरीचा मनापासून वीट आला होता. रोज सकाळी वसमतहून एसटी धरायची ती नाइलाजानं. खाजा मिया शिंप्याची ही थोरली लेक. बापानं रात्रंदिवस मशीन रेटून तिला कॉम्प्युटर शिकवला, आणि तिच्या वाट्याला आलं काय, तर हिंगोलीतल्या एका कचेरीतली कंत्राटी खुर्ची! काम एवढंच: एक्सेलमध्ये भरलेल्या फाइली वेबसाइटवर चढवायच्या. वेबसाइट फाइल वाचते आणि ओळन् ओळ डेटाबेसात टाकते. वाचते कसली डोंबल, गिळते! चावून बघणं तिला माहीतच नाही.

फाइली भरायचे अमृतराव, तिथले मोठे कारकून. उभी हयात रजिस्टरात गेलेली. रजिस्टरात वरच्या ओळीतलंच खाली यायचं असेल तर दोन बारक्या रेघा मारतात, डिट्टो. अमृतराव एक्सेलमध्येही तेच करायचे. शाहिस्ता घसा कोरडा करायची, "साहेब, साइटला डिट्टो कळत न्हाई हो. परत्येक रकान्यात पुरं लिहावं लागतंय."

"तुमच्या जन्माच्या आधीपासून डिट्टो मारून राहिलो बाई. कुनाचं काय अडलं?" असं म्हणत ते तंबाखू मळायचे. मग ती मुकाट फाइल दुरुस्त करत बसायची. त्यांच्या बोटांनी चिकट झालेला कीबोर्ड पुसताना तिला शिसारी यायची.

एकदा कृत्रिम पायांच्या शिबिराचं काम आलं. मापं द्यायला आलेल्यांत बाबूसिंग राठोड होता, कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात भट्टीवर रोट्या लावणारा. ट्रकखाली त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. मालक भला माणूस. म्हणाला, पाय बसवून ये, तवर तुझी जागा धरून ठेवतो. बाबूसिंगनं शाहिस्तालाच विचारलं, "बाई, त्या पायावर दिवसभर उभं ऱ्हाता येईल न्हवं? भट्टीचं काम हाय माजं."

"येईल की भाऊ," ती म्हणाली. त्याचा चेहरा असा फुलला की तिलाही त्या दिवशी कचेरी जरा बरी वाटली.

फाइल चढवायच्या शेवटच्या दिवशी नेमकी वसमतची गाडी वाटेत बंद पडली. शाहिस्ता पोचली तोवर अमृतरावांनी तिच्याच पासवर्डनं फाइल चढवून टाकली होती. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेलाच असायचा, सगळ्या कचेरीचाच तो. "झालं बघा एका दमात! साइटनं एक बी चूक दाखवली न्हाई."

ती तशीच खुर्चीत बसली. तिनं नोंदी उघडल्या. पायाच्या रकान्यात जिथं जिथं डिट्टो होता, तिथं साइट नावाच्या त्या बयेनं अडायचं सोडून आपल्याकडचा पहिला पर्याय ठोकून दिला होता: उजवा. बाबूसिंगचं नाव बराबर, गाव बराबर, माप बराबर, आणि पाय उजवा.

तिनं फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवली. साइट म्हणाली, नोंद आधीच आहे. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचं पोरगं हिंदीत गोड गोड बोललं, तक्रार लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. काय निकाली काढलं मेल्यांनी? नोंद जागची हललेली नव्हती! पुन्हा फोन, पुन्हा निकाली.

"काहून जीव काढता?" अमृतराव म्हणाले. "पाय बनवनारे आंधळे हायेत का? ते बघतेत बराबर."

कुणी बघितलं नाही. वाटपाच्या दिवशी खोक्यातून निघाला तो सुबक, कोरा करकरीत उजवा पाय. बाबूसिंगनं तो मांडीवर घेतला, उलटापालटा केला, मग आपल्या धडधाकट पायाशेजारी टेकवून बघितला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "ह्यो तर हाय माज्याकडं."

अमृतरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाबूसिंगच्या हातात तो पाय दिला, गुडघ्यांवरून खाली एक मळका टॉवेल सोडला, गेलेला पाय डावा की उजवा ते फोटोत कळू नये म्हणून, आणि वर म्हणाले, "हास की जरा!" फोटो निघाला. बाबूसिंगला बाहेर बसवलं.

मग अमृतराव शाहिस्ताला म्हणाले, "आता साइटवर 'दिला' दाबा. वरून फोनवर फोन येऊन राहिले. बदलायचं मागून बघू."

मागून! एकदा 'दिला' लागलं की साइट त्या माणसाची नोंद कायमची बंद करते, हे अमृतरावांना पक्कं माहीत होतं. "मी दाबनार न्हाई," शाहिस्ता म्हणाली.

"मंग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? ही निघाले. असल्या घाणीत बसन्यापरीस बापाच्या दुकानात काजं-बटनं करीन!"

ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच अमृतराव तिच्या खुर्चीत बसले आणि बटण दाबून मोकळे झाले. थू असल्या जिण्यावर!

बाहेर पायरीवर बाबूसिंग कुबडी धरून बसला होता. तिला बघून सावरला. "बाई, डाव्याचं माप कवा घेनार? मालकाला तसं कळवतो. चार दिस इकडं-तिकडं झाले तर थांबतेत ते."

'पुढच्या वेळी बघू' हे कचेरीतलं उत्तर आपसूक तिच्या जिभेवर आलं, आणि तिला स्वतःचीच किळस वाटली. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"घेनार न्हाईत, भाऊ," ती म्हणाली. "मालकाला दुसरा मानूस बघायला सांगा."