कोण जिंकलं ते सांगू नका

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट झाली, की दुसऱ्या दिवशी आमचे डिबेटकाका कानांत कापूस घालून फिरत. डिबेट सुरू होई तेव्हा इथे जर्मनीत पहाटेचे तीन वाजलेले असत आणि काका गाढ झोपलेले. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग बघत. तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून हा बंदोबस्त. फोन बंद, रेडिओ बंद. बेकरीतल्या बाई पावाबरोबर बातम्याही देतात, म्हणून त्या दिवशी शिळा पाव.

मी नोकरीसाठी एश्बॉर्नला आले तेव्हा काका आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. निवृत्त इंजिनियर, काकू नुकत्याच गेलेल्या. जिन्यात पहिल्यांदा भेटले तेव्हा मी नमस्कार करायच्या आतच म्हणाले, "कोण जिंकलं ते सांगू नकोस. संध्याकाळी ये, पोहे करतो."

मी गेले. पण सकाळीच एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, फोनवर एक तुकडा पाहिला होता. एक उमेदवार उत्तर देताना अडखळतो, आणि खाली मथळा, इथेच तो हरला! सगळी डिबेट मी त्या अडखळण्याची वाट बघण्यात घालवली. तज्ज्ञ मंडळी पडद्यावर यायच्या आत काकांनी टीव्ही बंद केला. "आधी आपण बोलायचं, मग ते." मी अर्थातच अडखळण्यावर बोलले. काका हसले. "अगं, दुसराही अडखळला की! तुला दिसलं नाही, कारण तुला कुणी सांगितलं नव्हतं." मी चांगलीच ओशाळले. पोहे मात्र फर्मास होते.

इथल्या मराठी मंडळींना वाटे, म्हाताऱ्याला राजकारणाचं वेड आहे. हळूहळू लोक त्यांच्याकडे जाणं टाळू लागले. वेड वेगळंच होतं. काकू असताना टीव्ही बंद झाला की नवराबायको तावातावाने भांडत बसत. "तिला माझं एक मत पटेल तर शपथ," काका अभिमानाने सांगत. "आता मी काहीही म्हटलं तरी घरात सगळ्यांना पटतं." घरात ते एकटेच असत.

त्यांची मुलगी मीरा ड्युसेलडॉर्फला एका वृत्तवाहिनीत होती. लांबलचक भाषणांतून अर्ध्या मिनिटाचे तुकडे कापणं हे तिचं काम. "पोरगी जगाला तुकडे वाढते, आणि बापाला हवी अख्खी भाकरी," काका म्हणत. तिने एकदा शेजारी बसून पूर्ण डिबेट बघावी आणि आपल्याशी कडाकडा भांडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही त्यांनी तिच्याकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

एकदा ती आली. मीही होते. काकांनी सकाळपासून घर आवरलं होतं. मीरा सोफ्यावर बसली, पण तिचा अंगठा फोनवर चालूच. मध्येच काकांनी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, दास वाइस दोख येडर." हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे! काकांनी टीव्ही बंद केला. "सगळ्यांचं नाही विचारलं गं. तुझं विचारलं." तिला मराठी समजत होतं, सगळं समजत होतं. ती न जेवताच गाडीला गेली. नंतर काका बराच वेळ रिमोट हातात धरून बसले होते, आणि मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधीला आम्ही मोजकेच लोक होतो. निघताना मीराने माझा नंबर मागून घेतला.

पुढच्या डिबेटच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मोडक्या मराठीत, शब्द शोधत बोलत होती. "ताई, मी पूर्ण बघितली. सुट्टी घेतली, फोन बंद ठेवला. कुणाचं ऐकलं नाही. माझं एक मत आहे. पापाला ते अजिबात पटलं नसतं." मग म्हणाली, "आता कुणाला सांगू?"

मी सकाळपासून निकाल, मथळे, तज्ज्ञ, सगळं वाचून बसले होते.

"मला सांग," मी म्हटलं. "मी अजून काहीच बघितलेलं नाही."