आत्याचा डावखुरा डंपर

समुद्रापलीकडून दहा चाकी डंपर मागवायचा आणि तो इथे उतरल्यावर कळायचं की स्टिअरिंग भलत्याच बाजूला आहे, हा पराक्रम आमच्या यार्डात माझ्याआधी कोणी केला नव्हता. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून ड्रायव्हर उजवीकडे बसतो. लिलावाच्या फोटोत मला स्टिअरिंग उजवीकडे दिसलं आणि मी बटण दाबून मोकळा झालो. फोटो ट्रकच्या तोंडासमोर उभं राहून काढलेला होता, एवढीच किरकोळ गोष्ट नजरेतून सुटली. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो हे मी पहिलीतच शिकलो होतो. तो नियम ट्रकलाही लागू आहे हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

जहाजातून डंपर खाली आला तेव्हा आत्या धक्क्यावर उभी होती. तिने केबिनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा केबिनकडे पाहिलं.

"शहाण्या," ती म्हणाली, "हा चालवणार कोण? आरशातला माणूस?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि माझी मालकीण. त्या क्षणी ती फक्त मालकीण होती.

परदेशात वापरलेले जड ट्रक विकत घ्यायचे, जहाजाने आणायचे, कस्टममधून सोडवायचे आणि डागडुजी करून विकायचे, हा तिचा धंदा. तिने आजवर आणलेले ट्रक एका रांगेत उभे केले तर गावाची वाहतूक ठप्प होईल; पण बाईंना स्वतःला सायकलसुद्धा येत नाही. त्यात बंद गाडीत बसल्या की मळमळतं. स्कूटरवर मागे बसते, कारण तोंडावर वारा लागतो.

लग्न झाल्यावर ती बंदरावरच्या एका एजंटाकडे टायपिंग करायची. एजंट जेवून जो आडवा व्हायचा तो थेट चहालाच उठायचा. मग फायली घेऊन कस्टममध्ये जायचं, उन्हात उभ्या असलेल्या ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची, ही सगळी कामं आत्याकडे. काही वर्षांनी एजंट कायमचाच आराम करायला घरी बसला आणि आत्याने त्याचं टेबल, पंखा आणि फोन नंबर घेतला. तेव्हा आतोबा म्हणाले होते, "अगं, ट्रकचा धंदा? तुला रिक्षात उलटी होते."

"मला विकायचेत, बसायचं नाहीये," आत्या म्हणाली. आतोबांनी पुढे पेपर वाचायला घेतला. माझ्या समजुतीप्रमाणे तोच पेपर ते अजून वाचताहेत.

तिची विकायची तऱ्हाही जगावेगळी. इंजिनाचं कौतुक नाही, टायरला लाथ मारून दाखवणं नाही. गिऱ्हाइकाला बंद ट्रकच्या सीटवर तासभर बसवायचं आणि खाली उतरला की एकच प्रश्न विचारायचा, "पाठ काय म्हणते?" पाठ कुरकुरली तर तो ट्रक त्याला द्यायचा नाही, पैसे घेऊन उभा असला तरी. मी एकदा म्हटलं, तासभर जरा जास्तच होतो. तर म्हणाली, "नवरा मी दहा मिनिटांत पसंत केला होता. तेव्हापासून घाई करत नाही."

तर, तो डावखुरा डंपर ज्याच्यासाठी होता त्याला सगळे हळूभाऊ म्हणायचे. आयुष्यभर दुसऱ्याचे ट्रक चालवले, आणि इतक्या हळू, की मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकूनच कळायचं हळूभाऊ येतोय. आता पहिल्यांदा स्वतःची गाडी घेत होता. एक तारखेपासून नव्या रस्त्याच्या कामावर खडी वाहायची बोली झाली होती. गाडी हजर नसली की जागा दुसऱ्याला. आत्याने शब्द दिला होता, "एक तारखेला डंपर तुझ्या हातात," आणि त्या शब्दावर हा माणूस जुनी नोकरी सोडून बसला होता. बायकोने केबिनला पडदेसुद्धा शिवले होते.

"स्टिअरिंग उजवीकडे घेता येणार नाही का?" मी विचारलं.

"येईल की. तुझं डोकंही उलटं बसवता येईल. पासिंग कोण करेल?"

पासिंग झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही, आणि डाव्या स्टिअरिंगला पासिंग मिळत नाही. दुसरा डंपर मागवावा तर जहाजाला महिना लागणार. मी आणखी दोन-तीन कल्पना मांडल्या. त्या ऐकून आत्याने मला यार्ड झाडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी डब्यातली भाजी तशीच ठेवून ती म्हणाली, "विहिणीकडे जावं लागेल."

मी डब्याचं झाकण लावलं. आत्याची मुलगी ज्या घरात दिली त्या घरची दगडखाण आहे आणि ती चालवते तिची सासू. आत्याचा पहिल्यापासूनचा नेम, मुलगी दिली तिथे धंदा करायचा नाही, काही मागायचं नाही. विहीणबाईंनी तो नेम इतका मनावर घेतला की गेल्या वर्षी डंपर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो दुसऱ्याच एजंटाकडून घेतला. अगदी याच जातीचा, फक्त उजव्या स्टिअरिंगचा आणि पासिंग झालेला. तेव्हापासून दोघी भेटल्या की फक्त ऊन किती वाढलंय यावर बोलायच्या.

स्कूटरवरून आम्ही खाणीवर पोचलो. विहीणबाई डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून वजनकाट्यापाशी उभ्या होत्या.

"या, या! आज इकडे कुठे? मुलगी घरी आहे, इथे नुसते दगड."

"दगडाचंच काम आहे. एक सोबत आणलाय," असं म्हणून आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग ती थेट खाणीच्या काठाशी जाऊन उभी राहिली. खाली उतरणारा रस्ता अरुंद, उजवीकडे दगडाची भिंत आणि डावीकडे सरळ दरी. एक रिकामा डंपर उतरत होता. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, त्यामुळे त्याला दरीची कड दिसत नव्हती. वळणावर एक झेंडेवाला हात हलवून ओरडत होता, "अजून, अजून, बास, बास!"

"तुमचा ड्रायव्हर झेंडेवाल्याच्या भरवशावर उतरतो," आत्या म्हणाली. "माझ्याकडचा डंपर घेतलात तर तो कडेलाच बसेल. मान खाली घातली की चाक दिसेल."

"आणि भरून वर येताना?"

"तो रस्ता वेगळा आहे, चांगला रुंद आहे. आत्ता बघूनच आले."

विहीणबाईंनी डोळे बारीक केले. "डाव्या स्टिअरिंगचा डंपर? मुद्दाम मागवलात?"

मी असतो तर छातीठोकपणे हो म्हटलं असतं.

"नाही," आत्या म्हणाली. "या गाढवाने चुकून मागवला. रस्त्यावर चालत नाही. कुंपणाच्या आत चालेल, तिथे पासिंग लागत नाही. एका माणसाला मी शब्द दिलाय, त्याने नोकरी सोडलीय. तुमचा तो डंपर मला द्या, हा तुम्ही घ्या."

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे मागायला आलात."

"हो."

"नीट ऐकू आलं नाही. क्रशर चालू आहे ना."

"हो म्हटलं! आता काय गाऊन दाखवू?"

विहीणबाई हसल्या, इतक्या की हेल्मेट कपाळावर आलं. मग त्यांनी चहा सांगितला आणि दोघींची घासाघीस सुरू झाली. मी तोंड उघडलं की दोघी एकदम माझ्याकडे बघायच्या, म्हणून मी बिस्किटं खाल्ली.

दोन दिवसांनी आमचा डंपर ट्रेलरवर चढून खाणीत गेला. तिथल्या ड्रायव्हरने एक फेरी मारली, वर आला आणि झेंडेवाल्याला म्हणाला, "तू आता बसून घे रे." सौदा पक्का झाला. विहीणबाईंनी त्यांचा डंपर दिला, दोन्ही किल्ल्यांसकट. बदल्यात आमच्या डंपरला नवे टायर मागितले आणि म्हणाल्या, "मलाही दोन किल्ल्या हव्यात." आमच्या डंपरबरोबर एकच आली होती. आत्या म्हणाली, "दुसरी मागवून देते, हा शब्द."

हळूभाऊ तासभर त्या डंपरमध्ये बसून उतरला.

"पाठ काय म्हणते?"

"पाठ खूश आहे. पण आत्या, गाडी नारिंगी आणि पडदे निळे."

"तुला पडदे चालवायचेत की गाडी?"

एक तारखेला तो डंपर घेऊन निघाला. निरोप देऊन आम्ही आत गेलो, चहा केला, प्यायलो, कप धुतले. बाहेर आलो तर तो फाटकातून अर्धाच गेला होता. पण कामावर वेळेत पोचला. पहाटेच निघाला होता.

दुसऱ्या किल्लीसाठी आत्याने परदेशातल्या विकणाऱ्याला कळवलं. विहीणबाई दर सोमवारी फोन करतात, "आमच्या किल्लीचं काय झालं?" त्यावर आत्या मिनिटभर विकणाऱ्याला नावं ठेवते. पुढचा अर्धा तास नातवाचे दात, आतोबांचा गुडघा आणि त्या दुसऱ्या एजंटाची लबाडी यावर जातो. उन्हाचा विषय निघत नाही.

गेल्या शुक्रवारी कुरिअरने पाकीट आलं. मी फोडलं, आत किल्ली. "जाता जाता खाणीवर देऊन येतो," मी म्हटलं.

"ठेव तिथे," आत्या मान वर न करता म्हणाली. "त्यांची गाडी काय बंद पडलीय?"

सोमवारी फोन वाजला. आत्याने खुर्ची ओढून घेतली, पाकिटावर कोपर टेकलं आणि म्हणाली, "नाही हो विहीणबाई, अजून पत्ता नाही. माणसं कशी असतात बघा!"