फोनवर उघडणारी कडी

बाबांना घरात अडकवून ठेवायचं होतं, पण कोंडून ठेवलंय असं दिसायला नको होतं. खरं कारण एवढंच. बाकी ‘सोय’, ‘सुरक्षा’ वगैरे मी लोकांना सांगत सुटलो होतो, ते सगळं बंडल.

बाबा खापरखेड्याला वीज केंद्रात फिटर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अलीकडे डोक्यातलं सगळं पुसत चाललं आणि ड्युटी तेवढी शिल्लक राहिली. दिवसातून चारदा चपला घालायचे आणि कडी काढून निघायचे. बायको दारापुढे खुर्ची टाकून तिथेच भाजी निवडायची. बाहेरून कुलूप लावलं असतं तर गल्ली काय म्हणाली असती? पोरगा बापाले कोंडून ठेवते. आमच्या गल्लीला तेवढं पुरतं, पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात चघळतात.

म्हणून मी तो स्मार्ट बोल्ट आणला. दाराच्या आतल्या बाजूने बसवलेला, अंगठ्याएवढा जाड, बाहेरून काही दिसत नाही. हाताने सरकत नाही, फोनवर दाबलं की खट्‌कन सरकतो, तुम्ही जगात कुठेही असा. खोक्यावर छापलं होतं, लष्करी दर्जाची सुरक्षा. वा रे वा! बसवणाऱ्या मिस्त्रीने पासवर्ड ठेवला एक-दोन-तीन-चार, आणि ‘सर्व्हिसले बरं पडते साहेब’ म्हणत स्वतःच्या फोनलाही जोडून घेतला. मी म्हटलं, पासवर्ड नंतर बदलू. ते ‘नंतर’ काही आलं नाही. वर बायकोने विसरायला नको म्हणून तो आकडा दारामागच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. लष्करानेही हात टेकले असते.

बाबा त्या बोल्टपुढे बराच वेळ उभे राहिले. चाचपून पाहिलं. ‘याले चेकनट काहून नाही लावला बे? ढिला होईन ना,’ म्हणाले. मी हसलो. घरातला एकटा जाणकार माणूस बोलून राहिला होता आणि आम्ही त्यालाच वेड्यात काढत होतो.

आता आमच्या घराण्याची रीत ऐका. घराची एक किल्ली कुहीच्या काकाजींकडे असतेच. काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, धानाची शेती करतात. दवाखाना असो की कचेरी, नागपूरला आले की आमच्याकडे उतरतात, आणि दार आपल्या हाताने उघडून आत येण्यात त्यांचा मान असतो. बोल्ट बसल्याचं कळताच त्यांचा फोन आला, ‘मंग माही किल्ली कुठी हाय? का मी आता परका झालो?’ घ्या! रुसवा नको म्हणून मी त्यांच्या फोनमध्येही ते ॲप घालून दिलं.

काकाजींनी काय करावं? गावच्या पानठेल्यावर बसून खेळ दाखवला. ‘पाहा रे, नागपूरचं दार खोलतो!’ इकडे आमच्या घरात खट्‌. बायको लाटणं घेऊन धावली. नशीब, बाबा झोपले होते. मी त्यांना फोनवर असं झापलं की काकाजी म्हणाले, ‘आता बोटबी नाही लावत, बाप्पा.’

त्यानंतर आठवड्याभराने, एप्रिलच्या उन्हात, बायको मुगवड्या घालायला आतल्या जिन्याने गच्चीवर गेली. निवांत गेली, कारण आता खुर्चीची गरज नव्हती. खाली आली तर दार सताड उघडं आणि बाबा नाहीत.

मी ऑफिसातून गाडी काढली. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं एवढं ऊन. पहिला फोन कुणाला केला? काकाजींना. ‘तुमच्या त्या तमाशापायी माझा बाप गेला,’ असं म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. काकाजी आधी म्हणाले, ‘मी आज हात नाही लावला गा.’ मग बारीक आवाजात, ‘खिशात दबलं असन का रे?’

दोन तासांनी बाबा मानकापूर चौकात सापडले. एका उसाच्या रसवाल्याने त्यांना सावलीत बसवलं होतं. गुडघा फुटला होता, ओठ सुकले होते, एका पायात चप्पल नव्हती. मला पाहून म्हणाले, ‘साहेब, शिफ्टची गाडी चुकली, गैरहजेरी नका मांडू.’ मी भर चौकात रडलो.

घरी येऊन बाबांना झोपवलं आणि फोन घेऊन बसलो. त्या ॲपमध्ये दार कधी, कुणी उघडलं याची यादी असते. तिचा फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकायचा होता, म्हणजे सगळ्यांना कळेल काकाजी काय चीज आहेत ते. यादीत काकाजींचं नाव आठवड्यापूर्वीचं, पानठेल्याच्या दिवसाचं. आज सकाळी मी ऑफिसला निघाल्यापासून बाबा बाहेर पडेपर्यंत एकच नाव होतं. माझं. अकरा वाजून अठरा मिनिटं.

ती आमची ऑफिसातली चहाची वेळ. आमचे साहेब म्हणाले होते, ‘खरंच इथून उघडते का हो?’ मी उघडून दाखवलं, लगेच बंद करून दाखवलं. बाबा तेव्हा चपला घालून दाराशीच उभे असणार. मधल्या त्या दोन क्षणांत त्यांनी दार ओढलं, आणि मग बोल्ट रिकाम्या हवेत सरकला. माझ्या फोनवर हिरव्या अक्षरांत आलं, ‘सुरक्षित’. साहेबांनी पाठ थोपटली.

संध्याकाळच्या बसने काकाजी आले. या वेळी दार वाजवून उभे राहिले. आत येऊन थेट बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान लेकरासारखे रडले. ‘भाऊ, चुकलो मी. मले काही समजत नाही यातलं.’ बाबांनी त्यांना ओळखलंही नाही. मग काकाजींनी आपला फोन माझ्यापुढे धरला. ‘हे काढून टाक बाबू. माह्या हातात नको असं काही.’

बायको माझ्याकडे पाहत होती. यादी तिनेही पाहिली होती. मी फोन घेतला, ॲप काढून टाकलं आणि म्हणालो, ‘जाऊ द्या काकाजी. होते चूक माणसाच्या हातून.’